दोन महिन्यांच्या बाळाचा मोतीबिंदू: आमचं काय काय झालं, आणि तो होतो तरी का

माझी मुलगी ओवी 19 मार्च 2024 ला झाली आणि मे महिन्यात तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. त्या काळात मी रात्री दोन-दोनला उठून मोबाईलवर मराठीत काही वाचायला मिळतंय का बघायचे आणि आजी-आजोबांच्या मोतीबिंदूशिवाय काही सापडायचं नाही. म्हणून हे लिहितेय. कुणाच्या तरी कडेवर आत्ता असंच बाळ असेल, त्यांच्यासाठी.

आम्ही साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावातले. 30 एप्रिलला सहा आठवड्यांच्या लशी द्यायला गेलो होतो. आमचे बालरोगतज्ज्ञ नेहमी लस देण्याआधी डोळ्यात एक छोटा लाईट टाकून बघतात, त्यादिवशी त्यांनी तो तीन-चार वेळा टाकला, खोलीतली ट्यूब बंद करायला लावली आणि परत बघितलं. निरोगी डोळ्यात असा उजेड टाकला की आतून लालसर चमक परत येते, ओवीच्या डोळ्यात ती येत नव्हती. उजव्या डोळ्यात अजिबात नाही, डाव्यात कडेला थोडी. ते म्हणाले, "ताई, घाबरू नका पण थांबूही नका, या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि साध्या नाही, लहान मुलांच्या डोळ्यांच्या." दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, 2 तारखेला साताऱ्यात दाखवलं, तिथे थेंब घालून बाहुली मोठी करून बघितल्यावर नक्की झालं आणि पुण्याची चिठ्ठी मिळाली. 6 मे ला खंबाटकी घाट उतरताना ओवी शांत झोपली होती आणि मी मात्र खिडकीतून काय दिसतंय हेही बघत नव्हते.

घाई का, हे पुण्याच्या लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी नीट सांगितलं आणि ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. मोठ्या माणसाचा मोतीबिंदू चार महिने उशिरा काढला तरी नजर परत येते, कारण मेंदूला बघायची सवय आधीच झालेली असते. बाळाचा मेंदू बघायला शिकतो तेच मुळी पहिल्या काही महिन्यांत, आणि त्या काळात चित्रच पोचलं नाही तर पुढे डोळ्यातल्या लेन्सचा, म्हणजे आतल्या भिंगाचा, अडथळा कितीही स्वच्छ काढला तरी मेंदूला ते चित्र वाचता येत नाही. (ह्यूबेल आणि वीझल या दोघांना 1981 मध्ये याच विषयातल्या कामासाठी नोबेल मिळालं होतं, हे मी नंतर वाचलं.) दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असेल तर साधारण आठ-दहा आठवड्यांच्या आत, एकाच डोळ्यात असेल तर त्याहूनही लवकर काढायला बघतात. तीन महिन्यांच्या आसपास डोळे आपोआप थरथरायला लागले तर उशीर झाला असं समजतात. ओवी तेव्हा सात आठवड्यांची होती.

आता कागदपत्रांचं सांगते, कारण जीव तिथेच जास्त अडकला. नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर होतं पण तिचं नाव चढवायला जन्मदाखला हवा, आणि आम्ही बारशानंतर बघू म्हणून तो काढलेलाच नव्हता. 7 मे ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान, निम्मा स्टाफ निवडणूक ड्युटीवर. 9 तारखेला दाखला हातात आला, त्याच संध्याकाळी नवऱ्याने एचआरला मेल टाकून नाव चढवून घेतलं. मग विमा कंपनीची क्वेरी आली की हा जन्मजात दोष 'इंटर्नल' की 'एक्स्टर्नल', कारण बऱ्याच पॉलिसीत बाहेरून दिसणारे जन्मजात दोष धरत नाहीत. डोळा दिसतो म्हणून एक्स्टर्नल, असं त्यांचं चाललेलं. मॅडमनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या की लेन्स डोळ्याच्या आत असते, ती न काढल्यास कायमचं अंधत्व येऊ शकतं, त्यामुळे हे इंटर्नल आहे आणि तातडीचं आहे. त्या पत्रावर मंजुरी आली. तुम्हाला अशी क्वेरी आली तर भांडत बसू नका, डॉक्टरांकडून हेच लिहून घ्या.

ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयात जाऊन राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी नक्की करा, जन्मजात मोतीबिंदू त्या यादीत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी त्या योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्रांना भेटायचं, रेशनकार्ड, आई-वडिलांचं आधार आणि बाळाचा जन्मदाखला बरोबर ठेवायचा. वेटिंगमध्ये आमच्या शेजारी बसलेल्या मावशींच्या नातवाचं एक रुपया न भरता झालं.

ऑपरेशनच्या आधी रक्ताच्या तपासण्या झाल्या. गरोदरपणात आईला रुबेला वगैरे झाला होता का ते बघणारी टॉर्च टेस्ट, गॅलॅक्टोसेमियासाठी (दुधातली एक साखर अंगाला वापरता न येण्याचा आजार) लघवीतली साखर, रक्तातलं कॅल्शियम, शिवाय हृदयाचा टू-डी इको. सगळं नॉर्मल. मग कारण काय?

घरात याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. 28 ऑक्टोबर 2023 ला कोजागिरीच्या रात्री चंद्रग्रहण होतं आणि मला चौथा महिना चालू होता. त्या रात्री मी गच्चीत गेले होते, कपडे काढायला. एका आत्यांना ते आठवलं, मग सगळ्यांनाच आठवलं. कुणी रागावून बोललं नाही, उलट फार मायेने बोलायचे, "झालं ते झालं आता", आणि ते ऐकताना मला कुठे तोंड लपवू असं व्हायचं. शिकलेली आहे मी, ग्रहणाचा काही संबंध नाही हे मला कळत होतं, पण बाळ आजारी असताना कळणं आणि वळणं यात फार अंतर असतं.

ते अंतर मिटलं ते एका पाच मिनिटांच्या तपासणीने. मॅडम म्हणाल्या आई-वडील दोघांनी बाहुली मोठी करून डोळे दाखवा. माझे स्वच्छ निघाले. नवरा स्लिट लॅम्पपुढे (डोळा मोठा करून बघायचं यंत्र) हनुवटी टेकवून बसला, मॅडम बराच वेळ बघत राहिल्या, मग शेजारच्या स्क्रीनवर मला दाखवलं. लेन्सच्या बरोब्बर मधे पांढरी बारीक पूड उडाल्यासारखे ठिपके, दोन्ही डोळ्यांत, अगदी सारखे. त्याला आयुष्यात नजरेचा काही त्रास नव्हता, चष्माही नाही. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या घरात कुणाला लहानपणापासून मोतीबिंदू?" आणि नवरा एकदम म्हणाला, "अण्णांना." माझे सासरे. त्यांचं तिशीतच एका नेत्रशिबिरात ऑपरेशन झालेलं, जाड भिंगाचा चष्मा, घरात सगळे म्हणायचे की शाळेत खडू लागला म्हणून नजर गेली.

तर ग्रहणाबद्दल एवढंच सांगते, ज्यांना घरी ऐकावं लागतंय त्यांना उपयोगी पडेल. डोळ्याची लेन्स गर्भात चौथ्या ते आठव्या आठवड्यात आकाराला येते. चौथ्या महिन्यातलं ग्रहण येईपर्यंत ओवीच्या लेन्सचा मधला भाग कधीच तयार होऊन बसला होता. आणि अण्णांच्या, नवऱ्याच्या आणि ओवीच्या डोळ्यात एकाच जागी दोष, म्हणजे जे काही होतं ते पिढीतून आलेलं होतं.

16 मे ला उजवा डोळा झाला, आठवड्याने 23 ला डावा. इतक्या लहान बाळाची भूल म्हणजे लहान मुलांचा भूलतज्ज्ञच हवा, हे आधी विचारून घ्या. उपाशी ठेवायचं वेळापत्रक पाठ करा: आईचं दूध चार तास आधीपर्यंत, वरचं दूध असेल तर सहा तास. पहिल्या दिवशी नंबर लांबला आणि ओवी भुकेने रडून लालबुंद झाली, म्हणून सिस्टरना सांगून लहान बाळाला पहिला नंबर मिळतो का ते बघा, बहुतेक ठिकाणी देतात. आत लेन्सचा गर काढतात, मागची पिशवीही मधोमध उघडतात आणि तिच्यामागची थोडी जेली काढतात, कारण बाळाच्या डोळ्यात ती मागची पिशवी लगेच पुन्हा पांढरी होते. एक वर्षाच्या आत कृत्रिम लेन्स आमच्या मॅडम सहसा टाकत नाहीत, डोळा अजून झपाट्याने वाढत असतो आणि पुन्हा ऑपरेशन करायची पाळी जास्त येते. त्याच भुलीत डोळ्याचं प्रेशर आणि लांबी मोजून घेतली. रात्रभर बाळाच्या श्वासावर लक्ष ठेवायला मॉनिटर लावून ठेवलं. दोन्ही मिळून बिल लाखाच्या थोडं वर गेलं, त्यातले आमच्या खिशातून कन्झ्युमेबल्सचे वगैरे साधारण बारा हजार.

थेंबांचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. स्टेरॉइडचे थेंब सुरुवातीला दिवसभर दर थोड्या तासांनी, शिवाय अँटिबायोटिक आणि बाहुली मोठी ठेवणारं अ‍ॅट्रोपिन. बाळ डोळे गच्च मिटतं. तर तिला उताणी झोपवून, मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाकायचा आणि थांबायचं, ती डोळा उघडते तेव्हा तो आत जातो. अ‍ॅट्रोपिन घातल्यावर त्याच कोपऱ्यावर बोट मिनिटभर हलकं दाबून धरायचं म्हणजे औषध नाकावाटे अंगात कमी जातं. चेहरा लाल झाला, अंग तापलं तर डॉक्टरांना फोन करायचा. आमच्याकडे फ्रिजवर कागद चिकटवला होता, दिला की टिक, नाहीतर मी दिला की आजीने दिला यात गोंधळ होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चष्मा आला, प्लस बावीसचा, मागे सिलिकॉनचा पट्टा. साडेतीन हजार. तान्ह्या बाळाचं जग हातभर अंतरावर असतं म्हणून नंबर मुद्दाम जवळचं दिसेल असा ठेवतात. चष्मा लावला, ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली, मग नजर हळूहळू खाली आली, टिकलीवरून नाकावर आणि तिथून तोंडावर. मी बोलले तेव्हा ओठ हलले, आणि तिने स्वतःचे ओठ हलवले. मी त्या दिवसापासून मोठी लाल टिकली लावते.

त्याच महिन्यात आम्ही जेनेटिक टेस्टला रक्त दिलं. ओवीचं, आमचं दोघांचं आणि अण्णांचं. अठरा हजार, विम्यात नाही. ही टेस्ट केलीच पाहिजे असं नाही, उपचार तिच्यासाठी थांबत नाहीत, पण आम्हाला हवी होती. समुपदेशक ताईंनी चौकोन आणि गोल काढून तीन पिढ्यांची वंशावळ काढली, ज्यांना मोतीबिंदू ते काळे केले. रिपोर्टला सहा आठवडे म्हणाले, ऑगस्टच्या सुरुवातीला आला. जीजेए-8 नावाच्या जीनमध्ये एक बदल, तिघांच्यात तोच.

आणि इथून पुढे मी इतकं वाचलं की नवरा म्हणाला आता तूच दवाखाना काढ. पण खरंच फार सुंदर आणि फार नाजूक रचना आहे ती.

लेन्समध्ये एकही रक्तवाहिनी नसते, असली तर दिसण्यात अडथळा येईल. आतल्या पेशी तर पारदर्शक होण्यासाठी स्वतःचं केंद्रकच मोडून टाकतात, त्यामुळे त्यांना नवीन प्रोटीन बनवता येत नाही. लेन्सच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग प्रोटीन असतो, त्यातलं बरंचसं क्रिस्टलिन, आणि मधलं क्रिस्टलिन जन्माआधी बनतं ते मरेपर्यंत तेच. मग इतक्या आतल्या पेशी जगतात कशा? तर एकमेकींच्या आधाराने. शेजारच्या दोन पेशींच्या भिंतींतून आरपार बारीक नळ्या असतात, त्यांना गॅप जंक्शन म्हणतात, त्या कनेक्सिन नावाच्या प्रोटीनच्या बनलेल्या असतात, एका पेशीचे सहा आणि दुसरीचे सहा जुळले की एक नळी. गावात आग लागल्यावर विहिरीपासून रांग लावून हातोहात बादल्या देतात, तसं या नळ्यांतून क्षार आणि पाणी एका पेशीकडून दुसरीकडे सरकतं, आणि मधला माणूस खाली बसला की पुढच्यांचं काही खरं नाही. लेन्सच्या आतल्या भागात मुख्यतः दोन कनेक्सिन, 46 आणि 50. जीजेए-8 हा कनेक्सिन 50 चा जीन. आपल्याकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची एक बाबांची, मग एक चांगली असून का भागत नाही? कारण सहा जण मिळून नळी होते. त्यात एक-दोन बिघडलेले घुसले तर चांगल्यांनाही अडकवतात, काही बदलांमध्ये तर ते पेशीच्या पडद्यापर्यंत पोचतच नाहीत.

नळी बंद पडली म्हणून लगेच पांढरं का व्हावं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मधे दुवा आहे तो कॅल्शियमचा. आतल्या पेशीत शिरलेलं कॅल्शियम या नळ्यांमधूनच बाहेरच्या बाजूला जातं आणि तिथून बाहेर टाकलं जातं. वाट बंद झाली की ते आत साठतं, आणि कॅल्शियम वाढलं की कॅल्पेन नावाची एन्झाइमं जागी होतात. त्यांचं काम प्रोटीन कापणं. ती क्रिस्टलिनला आणि पेशीच्या सांगाड्याला कापायला लागतात, ते तुकडे एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि उजेड सरळ जाण्याऐवजी विखुरतो. मोतीबिंदू तो हाच. 1997 मध्ये उंदरांमधला कनेक्सिन 46 चा जीन काढून बघितला तर त्यांच्या लेन्समधलं क्रिस्टलिन कापलं गेलं आणि बरोबर मधोमध मोतीबिंदू झाला. दहा वर्षांनी तशाच उंदरांतून कॅल्पेन-3 सुद्धा काढलं, तर मोतीबिंदू उशिरा आला आणि विरळ, पुडीसारखा आला. हे वाचलं तेव्हा मला नवऱ्याच्या डोळ्यातली ती पूडच आठवली. त्याच्यात कमी आणि ओवीत जास्त का, याचं उत्तर मात्र मॅडम म्हणाल्या आपल्याला देता येत नाही, एकाच घरात एकच बदल असून इतका फरक पडलेला दिसतो.

याचा अर्थ प्रोटीन तोडणं वाईट असा मी सुरुवातीला घेतला होता पण तसं नाही. खराब झालेलं प्रोटीन ओळखून त्याला युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रोटीनची खूण लावायची आणि प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन मोडायच्या यंत्रात, मोडून टाकायचं, ही पेशीची रोजची साफसफाई (2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल या शोधाला). बाहेरच्या, जिवंत हालचाल असलेल्या पेशींत ती नीट चालली नाही तरीही लेन्स बिघडते. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या अ‍ॅलन टेलर यांच्या गटाने 2015 मध्ये दाखवलं की उंदरांच्या लेन्समध्ये सदोष युबिक्विटिन घातलं तर तिथेही कॅल्शियम वाढतं, कॅल्पेन बेफाम होतं आणि मोतीबिंदू येतो. म्हणजे साफसफाई कमी पडली तरी तेच आणि कापाकापी जास्त झाली तरी तेच, पेशींचं आपसातलं देणंघेणं आणि प्रोटीनची तोडफोड ही दोन वेगळी प्रकरणं नाहीतच. म्हातारपणी होतो त्या मोतीबिंदूतही वय वाढेल तसा लेन्सच्या मधल्या भागापर्यंत ग्लुटाथायोनसारख्या संरक्षक द्रव्यांचा पुरवठा कमी होतो, कारणं आणखीही असतात, पण अडचण तीच, आत पोचत नाही.

एक गोष्ट अण्णांना फार आवडली. माणसातला कुठला दोष कुठल्या क्रोमोसोमवर (पेशीतल्या जीन वाहणाऱ्या धाग्यावर) आहे हे शोधायला जेव्हा नुकती सुरुवात होती, तेव्हा 1963 मध्ये रेनविक आणि लॉलर यांनी एका घराण्यातला असाच पूड-पूड मोतीबिंदू डफी नावाच्या रक्तगटाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जोडीने जातो हे दाखवलं. पुढे तो रक्तगट पहिल्या क्रोमोसोमवर सापडला, आणि 1998 मध्ये कळलं की त्या मोतीबिंदूमागचा जीन जीजेए-8. अण्णांनी हे दोनदा वाचून घेतलं आणि आत्यांना फोन लावला, "अगं, पोरीला काही बोलू नका, हे माझ्याकडून आलंय." एवढं बोलून ठेवला. मला त्यांनी सांगितलं नाही, सासूबाईंनी सांगितलं.

काही गोष्टी अजून चालूच आहेत. उजवा डोळा जरा मागे आहे म्हणून डाव्यावर रोज थोडा वेळ पट्टी लावायला सांगितलीय, ओवी ती पट्टी ओढून काढते, खेळणं हातात दिल्यावरच लावायची हे आम्हाला जमलंय. चष्म्याचा नंबर डोळा वाढेल तसा कमी होतो म्हणून पहिल्या वर्षात वारंवार बदलावा लागला, काचा सोडून फ्रेम तीच ठेवली तर खर्च निम्मा. आणि काचबिंदूची भीती आयुष्यभर असते, लहानपणी मोतीबिंदू काढलेल्या मुलांच्या डोळ्यांचं प्रेशर नेमाने तपासावंच लागतं, डोळा छान दिसतोय म्हणून ही तारीख चुकवू नका. डोळ्यातून सारखं पाणी, उजेड सहन न होणं, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसणं, यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही.

नणंदेलाही तपासलं, तिच्यातही बदल आहे, नजर चांगली. प्रत्येक मुलात तो जायची शक्यता निम्मी असं समुपदेशक ताईंनी सांगितलं होतं, त्यामुळे डिसेंबरात तिला मुलगा झाला तेव्हा डिस्चार्जच्या आधीच खोलीत अंधार करून त्याचे डोळे तपासून घेतले. लाल चमक दोन्हीकडे आहे. तरी सहा आठवड्यांनी आणि मग तीन महिन्यांनी परत दाखवायचंय, कारण यातले काही मोतीबिंदू जन्मानंतर दाट होतात.